पिल्लाचा वाटा

डोर्माच्या बाजारात अंडी विकणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि तोंडाळ बायकाही पुष्कळ आहेत, पण या दोन्हींत ताचीवाचा हात धरेल अशी एकही नाही. इतरांच्या कोंबड्या अंडी घालत. ताचीवाच्या कोंबड्या, तिच्या म्हणण्याप्रमाणे, काम करत. शेजारच्या फ्रेमाच्या शेडमध्ये रोग शिरला की हळहळायला ताचीवा सगळ्यांच्या आधी हजर व्हायची आणि निघता निघता, आपल्याकडे मात्र देवाच्या कृपेनं एकीलाही शिंक नाही, हे सांगून जायची. फ्रेमा तिला पुरती ओळखून होती. ती म्हणायची, "हिची कोंबडी अंडं एक घालते, आणि कोंबडीपेक्षा जास्त हीच ओरडते."

गर्व करायला बाईकडे काही नव्हतं असं मात्र नाही. पिवळ्या मक्याची पोती स्वतःच्या डोक्यावर वाहून तिनं एका खुराड्याचा धंदा तीन लांबच लांब शेडांपर्यंत नेला होता. आणि तिची एकुलती एक मुलगी बिरागो कुमासीच्या विद्यापीठात कोंबड्यांच्या खाद्याचा अभ्यास करत होती. हे वाक्य ताचीवा गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत देतानासुद्धा ऐकवायची. कोंबड्यांनी माझ्या पोरीला शिकवलं, आता माझी पोर कोंबड्यांना शिकवणार, असं म्हणून ती अंड्यांचा क्रेट असा काही पुढे करायची की जणू त्यात अंडी नसून पदव्याच ठेवल्यात.

ताचीवाचा सख्खा मामा नाना चेरेमे हा घराण्याचा कर्ता. आमच्याकडे माणूस आईच्या घराण्याचा असतो, त्यामुळे बापाचा शब्द ऐकतात आणि मामाचा मानतात. दोन पावसाळ्यांपूर्वी नाना छातीच्या दुखण्यानं आडवे झाले. दवाखान्यातून उठून आले ते डॉक्टरची तंबी घेऊनच. रक्तात कोलेस्टेरॉल फार झालंय, तेव्हा अंड्याचा बलक बंद. नानांनी पामतेल कमी केलं, मटणाचा रस्सा सोडला, पण अंड्याचं दुःख काही त्यांच्या मनातून जाईना. कारण अंडं म्हणजे नुसतं खाणं नव्हे. माणूस मरणाच्या दारातून परत आला की आपल्या जन्मवारी पांढरं नेसून बसतो आणि आपल्या आत्म्याला एतो खाऊ घालतो. एतो म्हणजे उकडलेलं कोनफळ पामतेलात मळून केलेला पिवळाधमक गोळा, आणि त्यावर उकडलेली अंडी. अंड्याशिवाय एतो म्हणजे वराशिवाय वरात.

नाना बुधवारचे. बरे झाल्यावर त्यांचा पहिला बुधवार झाला तेव्हा ताटात नुसताच पिवळा गोळा आला. नानांनी ताट या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्याच्या भाचीच्या घरात अंडी ठेवायला जागा नाही, त्याच्या ताटात कोनफळ एकटंच बसलंय बिचारं."

लोक हसले. फ्रेमा जरा जास्तच हसली. ताचीवाच्या जिव्हारी लागलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नाना, पुढच्या वर्षी याच दिवशी माझ्याच कोंबडीचं अंडं तुमच्या ताटात वाढीन, आणि ते असं हलकं असेल की डॉक्टरनं त्याला नाव ठेवून दाखवावं."

हीच बढाई तिनं बाजारात मारली असती तर दुसऱ्या दिवशी कुणी लक्षातही ठेवली नसती. पण तेवढ्यात नानांनी हातातला दारूचा पेला तिरपा केला होता. पूर्वजांच्या नावानं दारू जमिनीवर पडत होती, आणि तेवढ्या वेळात बोललेला शब्द खाली झिरपतो, पूर्वजांच्या कानी जातो, तो परत उचलता येत नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून शहाणी माणसं पेला सरळ होईपर्यंत तोंड मिटून बसतात. ताचीवाला तोंड मिटणं कधी जमलंच नव्हतं. नानांनी पेला सावकाश सरळ केला आणि म्हणाले, "ऐकलं हं त्यांनी."

घरी आल्यावर ताचीवानं मुलीला फोन लावला. बिरागोनं कपाळाला हात लावला असेल, पण तो फोनवरून दिसत नाही. पण तिच्या डोक्यातही अशा हलक्या अंड्याचंच काहीसं घोळत होतं खरं. रश्श्यात आपण प्रेकेसेची शेंग टाकतो, तीच ती गोड वासाची, चार धारांची तपकिरी शेंग. तिनं रक्त पातळ होतं, अंग हलकं होतं, असं सगळ्या आज्या सांगत आल्यात. मग ती वाळवून, कुटून कोंबडीच्या खाद्यात मिसळली तर कोंबडीच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरेल का, आणि उतरलं तर अंड्यातलंही उतरेल का? हाच प्रश्न तिनं विद्यापीठात मांडला होता. आईच्या शेडमध्ये प्रयोग करायला तिला परवानगी मिळाली.

एका शेडचे तीन गाळे केले. एकातल्या कोंबड्यांना नेहमीचं खाद्य, दुसऱ्यात प्रेकेसे थोडं, तिसऱ्यात जास्त. पहिल्याच दिवशी मायलेकींचं वाजलं. ताचीवाचं म्हणणं, एका लेकराच्या वाटीत रस्सा आणि दुसऱ्याच्या वाटीत पाणी, असं या घरात कधी वाढलेलं नाही. येणारेजाणारे बघतात, काय म्हणतील? बिरागोनं समजावलं की कुणालातरी दिलं नाही तरच देण्याचा फरक कळेल. आईनं मान डोलावली, आणि ती ज्या तऱ्हेनं डोलावली ते बघून बिरागोनं प्रेकेसेच्या पोत्याला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या गळ्यात बांधली. पुढे कित्येक आठवडे ती कुमासीहून येऊन पंखाखालच्या शिरेतून रक्त काढून नेई, अंडी निवडून नेई. ताचीवा दारात उभी राहून बघायची. पोरगी पांढरा कोट घालून, कोंबडीला न दुखवता तिच्या पंखाखाली सुई घालते आहे, हे बघताना तिचा ऊर भरून यायचा. तेवढ्या वेळात ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही ना काही निमित्त काढून बोलावून घ्यायची.

निकाल यायच्या आधीच तिनं पाटी रंगवून घेतली. ताचीवाची हलकी अंडी. गिऱ्हाइकं आली, त्यात डॉक्टरनं अंडी तोडलेली म्हातारी माणसंही आली. फ्रेमानं आपल्या टोपल्यांमागून विचारलं, तपासणी झाली का गं? ताचीवा म्हणाली, कोंबडी माझी, पोर माझी, तपासणी दुसरीकडे कुठे करायची? त्यावर फ्रेमा एवढंच म्हणाली की पेला तिरपा असताना बोलणाऱ्या बाईकडून दुसरी अपेक्षाच नव्हती.

वर्ष भरत आलं. नानांच्या बुधवारच्या आदल्या दिवशी दुपारी बिरागो आली. ताचीवा अंगणात कोनफळ सोलत होती. मुलीनं पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली, आईची खुशाली विचारली, कोंबड्यांची विचारली, आणि मग खाली बसून सुरी हातात घेतली. लहानपणापासून तिला काही अवघड सांगायचं असलं की ती आधी कामाला हात घालायची.

"रक्तातलं उतरलं, आई," बिरागो म्हणाली. "ज्यांनी प्रेकेसे जास्त खाल्लं त्यांचं जास्त उतरलं. कोंबड्या आतून खरंच सुधारल्यात."

ताचीवानं दोन्ही हात आभाळाकडे उचलले.

"पण बलकातलं नाही उतरलं."

हात तसेच वर राहिले. मग ते खाली आले. ताचीवानं विचारलं, थोडं तरी उतरलं असेल ना? बिरागो म्हणाली, इतकं थोडं की उतरलं म्हणणं खोटं होईल. पुन्हा तपासून घेतलं, तेच आलं. मग तिनं आईला समजेल असं सांगितलं. पिल्लू बलकावर वाढतं. त्याच्या अंगाचा कण न् कण त्यातून तयार होतो, आणि त्याला हे कोलेस्टेरॉल लागतंच. कोंबडीच्या रक्तात ते कमी झालं तरी अंड्यात भरायचं तेवढं ती भरतेच. तिथं ती हात आखडता घेत नाही. फारच कमी पडलं तर ती अंडं घालायचीच थांबेल, पण अर्धवट भरलेलं अंडं घालणार नाही.

ताचीवाला यातलं एक अक्षर ऐकायचं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे उद्याचं अंगण होतं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं होती, आणि पहिल्या रांगेत फ्रेमा होती. ती म्हणाली, "उद्या नानांना खाऊ दे. तुझं जे काय आहे ते परवा सांग. एका अंड्यानं कुणी मरत नाही."

"एका अंड्यानं नाही मरत. पण उद्या तू त्यांना अंडं देणार नाहीयेस, भरवसा देणार आहेस. परवापासून ते रोज खातील आणि म्हणतील, ताचीवाचं आहे, काही होत नाही."

"तुला शिकवलं ते चारचौघांत आईला खाली बघायला लावायला का गं?"

बिरागोनं सोललेलं कोनफळ पाण्यात टाकलं. "मी उद्या तोंड उघडणार नाही. शब्द तू दिलायस, तुझ्या तोंडून तो मी काढून घेणार नाही. पण नानांनी मला विचारलं, तर खरं तेच सांगेन." एवढं बोलून ती उठली आणि कोंबड्यांना पाणी घालायला गेली.

ताचीवा सुरी हातात धरून बसून राहिली. तिला पोरीचा राग आला होता, असा की हातातलं कोनफळ तिनं सालासकट निम्मं कापून टाकलं. आणि रागाच्या मागोमाग एक जुनी आठवण आली, न बोलावता. बिरागो वयात आली तेव्हा ताचीवानं तिचा विधी केला होता. आता बरेच जण करत नाहीत, पण ताचीवाला मिरवायला कारण हवं असतं. त्या विधीत मुलीच्या तोंडात उकडलेलं अंडं ठेवतात आणि तिनं ते न चावता अख्खं गिळायचं असतं. दात लागला तर पोटच्या लेकरांना दात लागला, असं मानतात. ताचीवानं मुद्दाम कोवळ्या कोंबडीचं लहानसं अंडं निवडलं होतं. तरी ते घशात अडकलं. पोरीचे डोळे वाहायला लागले, बायका घाबरल्या, कुणीतरी म्हणालं, राहू दे, थोडं चाव, देव बघत नाही. पोरीनं मान हलवली. कितीतरी वेळ ती तशीच बसून राहिली आणि शेवटी तिनं ते गिळलं. दात लागू दिला नाही. त्या दिवशी ताचीवा सगळ्या गल्लीत सांगत फिरली होती, माझी पोर चावत नाही.

तेव्हा तिला अभिमान वाटला होता. आज तेच पोरीचं वागणं तिला खुपत होतं, आणि हे तिचं तिलाच कळल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

बुधवारी नानांचं अंगण पांढरंशुभ्र झालं होतं. नाना पांढरं नेसून, खांद्यावर कापडाचं टोक टाकून खुर्चीवर बसले होते. समोर पितळी ताटात एतो, त्याच्या कडेनं अंडी मांडलेली, आणि मधोमध एक मोठं तपकिरी अंडं, सोलून गुळगुळीत केलेलं. ते ताचीवानं तिसऱ्या गाळ्यातून कधीच निवडून ठेवलं होतं. फ्रेमा आपलं सगळ्यात चांगलं कापड नेसून अगदी पुढे बसली होती. बिरागो मागे, भिंतीपाशी, हात बांधून.

नानांनी पूर्वजांची नावं घेत दारू ओतली. या वेळी ताचीवानं पेला सरळ होईपर्यंत तोंड मिटून ठेवलं, आणि हे बऱ्याच जणांनी बघितलं. मग नानांनी ते मधलं अंडं दोन बोटांत उचललं. वर्षभर वाट पाहिलेल्या माणसाचा हात होता तो.

"हेच ना गं ते?" त्यांनी ताचीवाला विचारलं. "डॉक्टरनं नाव ठेवायचं नाही असं?"

आता नुसतं हो म्हणायचं होतं. ताचीवानं भिंतीकडे बघितलं. बिरागो तिच्याकडे बघत होती, धाकानं नव्हे, रागानंही नव्हे. घशात अंडं अडकलं होतं तेव्हा जशी बसली होती तशी ती स्थिर उभी होती.

"नाना, ते खाली ठेवा," ताचीवा म्हणाली.

आत्म्याच्या ताटावरून कर्त्या पुरुषाला हात मागे घ्यायला लावणं म्हणजे केवढा अपमान. अंगणात कुजबुज उठली. ताचीवा उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली, त्यामुळे सगळ्यांना मान पुढे करावी लागली. तिनं सांगितलं की गेल्या वर्षी पेला तिरपा असताना तिनं शब्द दिला तो पाळता येत नाही. पोरीनं कोंबड्यांना प्रेकेसे घातलं, कोंबड्यांचं रक्त खरंच सुधारलं. पण अंडं होतं तसंच राहिलं. "कोंबडीनं स्वतःचं कमी केलं, नाना. पिल्लाच्या वाट्याचं केलं नाही. ते तिच्याकडून कुणाच्यानं करवलं नाही, माझ्या पोरीच्या शेंगेनंही नाही. डॉक्टरनं सांगितलेलं खरं आहे. पाटीवर मी लिहिलं ते खोटं."

फ्रेमानं वर्षभर तयार ठेवलेला टोमणा गिळून टाकला. घराण्यातला एक म्हातारा म्हणाला की दिलेला शब्द मोडला, तेव्हा पूर्वजांना मेंढा द्यावा लागेल. ताचीवा म्हणाली, देईन.

नानांनी अंडं ताटात ठेवलं नव्हतं. ते त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी बिरागोला पुढे बोलावलं आणि विचारलं की हे तिनं तपासून बघितलं का. तिनं हो म्हटलं. आईनं लपवायला सांगितलं होतं का, असं नानांनी विचारलं. बिरागो म्हणाली, "काल सांगितलं होतं, नाना. आज नाही."

नाना हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग खुर्ची. "बघा," ते जमलेल्यांना म्हणाले, "कोंबडीही चावत नाही, पोरही चावत नाही. आणि आमची ताचीवा, जी दिसेल त्याला चावते, तिनंही आज दात लावला नाही. माझ्या बहिणीच्या घरात मला याहून मोठं काय ताटात वाढणार होतं?" मग त्यांनी बिरागोला विचारलं, "डॉक्टरनं पिवळं बंद केलंय. पांढरं चालतं ना गं?"

"चालतं, नाना."

त्या म्हाताऱ्यानं पुन्हा तक्रार केली की आत्म्याचं अंडं असं फोडत नसतात. नानांनी त्याला सांगितलं की आत्मा माझा आहे, त्याची आणि माझी जुनी ओळख आहे, तो समजून घेईल. बिरागोनं दोऱ्यानं अंड्याचे अलगद दोन भाग केले. नानांनी पांढरं तोंडात घातलं आणि डोळे मिटून सावकाश खाल्लं. पिवळा गोल बलक त्यांनी ताचीवाच्या तळहातावर ठेवला.

"हा आईचा वाटा," ते म्हणाले. "आज कमावलास."

ताचीवानं तो तिथंच उभ्या उभ्या खाल्ला आणि ती रडली. लोकांना वाटलं लाजेनं रडतेय. ती लाजेनं रडत नव्हती. समोर दोरा हातात धरून उभी असलेली ती मुलगी आपली आहे, या एका गोष्टीनं ती रडत होती, आणि ही गोष्ट कधी एकदा बाजारात सांगते असं तिला झालं होतं.

मेंढा दिला गेला. पाटीवरच्या 'हलकी' या शब्दावर नवा रंग चढला, पण पाटी काही उतरली नाही. ताचीवा ती ताचीवाच. पुढच्या बाजाराला एक म्हातारं गिऱ्हाईक आलं, हलकी अंडी कुठं आहेत म्हणून विचारू लागलं. ताचीवानं त्याला सरळ सांगितलं की डॉक्टरनं अंडी बंद केली असतील तर माझीही बंद, घरी जा आणि कोबी खा. फ्रेमा पलीकडून ऐकत होती. थोड्या वेळानं ती आपल्या टोपल्या ओलांडून आली आणि, इकडे तिकडे बघत, प्रेकेसे खाद्यात किती घालायचं, असं तिनं विचारलं. तिच्या कोंबड्या पुन्हा मलूल होत्या. ताचीवानं तिला बिरागोचा फोन नंबर दिला, आणि नंबर देता देता पोरीची सगळी कहाणी पहिल्यापासून ऐकवली. फ्रेमानं ती मुकाट्यानं ऐकून घेतली.

मग एक तरुण बाई आली. पोटुशी होती. तिनं एक अंडं हातात घेऊन उन्हाकडे धरलं आणि बाकीच्यांपेक्षा हे महाग का, असं विचारलं.

"नीट बघून घे," ताचीवा म्हणाली, आणि आता तिचा आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू जात होता. "पुरं भरलेलं अंडं आहे. माझ्या कोंबड्या पिल्लाच्या वाट्याला हात लावत नाहीत."